वाटी पाण्यावर असताना

दाजी, मला भीती वाटते आहे. हे तुम्हालाच सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं की तो धीर द्यायला लागेल, आणि त्या धीराच्या बोलण्यानं माझी भीती आणखी वाढेल. तुम्ही काही म्हणाला नसतात. थोडं सरकून ओट्यावर जागा केली असती, एवढंच.

आज तुमचं तेरावं झालं. पंगती उठल्या, तुमच्या दोन्ही पोरी डोळे पुसत सासरच्या वाटेला लागल्या. पाटील जाता जाता माझ्याजवळ थांबले. म्हणाले, "मास्तर, उद्यापासनं वाटीवर तुमी बसायचं. दाजी तसं दावून गेल्यात." मी तोंड उघडेपर्यंत ते जोडा पायात सरकवून अंगणाबाहेर गेलेसुद्धा.

दावून गेलेत! त्या शेवटच्या दिवशी ताप तुमच्या डोक्यात गेला होता. पाटील उशाशी बसून विचारत होते, "दाजी, तुमच्यामागं वाटीवर कोन?" तुम्ही डोळे उघडलेत आणि बोट उचललंत. बोटाच्या रोखानं मी उभा होतो. माझ्या मागं पाण्याचा रांजण होता. अक्कानं तांब्या भरून तुमच्या ओठांना लावला, तुम्ही घटाघटा प्यायलात. आणि तिकडं पाटलांनी मान हलवून "समजलं, समजलं" म्हटलं. तुमच्या भुवईवरून, बोटावरून तुमचं म्हणणं ओळखायची सवय या गावाला इतकी लागलेली, की तहानलेल्या माणसाचं बोट नुसतं तहानेचं असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही. मला विचारायचं आहे, दाजी: तुम्हाला मी हवा होतो, की पाणी? आता कुणाला विचारू?

मी या घरात आलो तेव्हाही भीतच आलो होतो. गाठीच्या तापानं आमचे आईबाप दोघंही आठवड्याच्या आत गेले. बीडच्या सरकारी मदरशातलं माझं उर्दू शिक्षण तिथंच संपलं. पुस्तकांचं गाठोडं घेऊन बहिणीच्या दारात उभा राहिलो. सगळी आळी मला समजावायला आली. कुणी देवाची इच्छा सांगितली, कुणी स्वतःच्या घरची मरणं सांगितली. माणसं उठली की मला वाटायचं, पुन्हा कुणी यायच्या आत कुठंतरी लपावं. तुम्ही मला गोठ्यामागं नेलंत. अंबाडीचा वाख काढलात, त्याचं एक टोक माझ्या हातात दिलंत आणि दुसऱ्या टोकानं दोर वळायला बसलात. मी फक्त टोक ताणून धरायचं. दुपार उतरेपर्यंत आपण एक शब्द बोललो नाही. मध्येच केव्हातरी मी रडलो. तुम्ही वर पाहिलं नाहीत, पण दोराला ढीलही दिली नाहीत. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की इथं राहता येईल.

अक्काला मात्र आपलं हे गप्प राहणं सोसायचं नाही. भाकरी थापता थापता ती शेजारणीला ओरडून सांगायची, "माझ्या नशिबी दोन घुमे आलेत गं बाई. एक लग्नात मिळाला, दुसरा माहेरनं चालत आला. घरात चुलीशीच बोलावं लागतंय मला." तुम्ही हसायचात ते फक्त मिशीत. मग ती आणखी चिडायची, "हसा, हसा. तोंडाला पैसं पडत न्हाईत म्हणून बरं हाय." आणि तरीही, गावातली निम्मी दुःखं तुमच्या ओट्यावर येऊन थांबायची. कुणाची सून नांदत नाही, कुणाचा भाऊ वाटणी मागतो. माणसं यायची, बोलायची, हलकी होऊन जायची. तुम्ही एखादा हुंकार द्यायचात. ऐकलेलं तुमच्या ओट्याची पायरी कधी उतरलं नाही. मला तेव्हा वाटायचं, यात विशेष काय. न बोलणाऱ्याला न बोलणं काय अवघड?

वाटीवर बसलेलं तुम्हाला मी प्रथम पाहिलं तेही त्याच दिवसांत. ओढ्याच्या बांधापासून पाट निघतो तिथं, लिंबाखालच्या चौथऱ्यावर, पाण्यानं भरलेलं तांब्याचं घंगाळ. त्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडलेली. भोकातून पाणी हळूहळू वर येतं, वाटी भरते, बुडते. बुडाली की तुम्ही काशाच्या थाळीवर टोला हाणायचात, आणि एकाच्या वाट्या पुऱ्या झाल्या की पाटकरी त्याच्या शेताचं तोंड बुजवून दुसऱ्याचं फोडायचा. ज्याचं रान मोठं त्याला जास्त वाट्या, लहान त्याला कमी. वरच्या आळीचं आणि खालच्या आळीचं, साऱ्या गावाचं पीक त्या एवढ्याशा भोकातून जायचं. आणि नियम एकच: वाटी पाण्यावर असताना बसणाऱ्यानं बोलायचं नाही, वाटीला हात लावायचा नाही. बोलला किंवा शिवला तर ती वाटी बाद. म्हणून गावानं पिढ्यान्‌पिढ्या तिथं तोंडाळ माणूस बसवला नाही.

लोक तुम्हाला बोलवायला बघायचे. "दाजी, बैल सुटलाय तुमचा!" "दाजी, अक्का माहेरी चालली बगा!" तुमची नजर वाटीवरून हलायची नाही. मी लिंबाच्या बुंध्याशी पुस्तक घेऊन बसायचो. इंग्रजी मुलखातून, नगरहून कुणी मराठी पुस्तक आणलं की मी ते तिथंच वाचायचो. तुमच्याजवळ वाचन चांगलं व्हायचं.

आणि मग तो दिवस. पावसानं दगा दिला होता, पाटाला धार करंगळीएवढी. पाळी वरच्या आळीची होती. खालच्या आळीचा गेनबा कुऱ्हाड घेऊन आला. त्याचा गहू ओंबीवर येऊन करपायला लागला होता.

"ए दाजी, हान टोला. बुडाली वाटी."

वाटी अर्धीही भरली नव्हती.

"हान म्हनायलोय न्हवं? मी काय भिताडाशी बोलायलोय का बे? वर बघ!"

माणसं मागं सरली. माझ्या मांडीवरचं पुस्तक खाली पडलं ते मला उचलता येईना. गेनबानं कुऱ्हाड उचलली आणि तुमच्या डोक्याच्या बाजूनं लिंबात घातली. सालपटं तुमच्या खांद्यावर पडली. तुमची पापणी लवली. तेवढीच. नजर वाटीवर. गेनबा ओरडत राहिला, शिव्या देत राहिला, मग त्याच्या शिव्या संपल्या. "माझी लेकरं खातील काय, सांग की," असं काहीतरी तो म्हणाला आणि घंगाळाच्या पलीकडं मटकन खाली बसला. तोही वाटीकडं पाहू लागला. तुम्ही दोघं पाहत होतात. वाटी भरली, डचमळली, बुडाली. तुम्ही टोला हाणलात आणि मग म्हणालात, "गेनबा, पानी पी आधी." नंतर ती कुऱ्हाड त्याला एकट्याला निघेना. तुम्ही उठून त्याच्याबरोबर दांडा धरलात. जमलेले सगळे हसले, गेनबासुद्धा.

गाव त्या दिवशी तुमच्या धिटाईच्या गोष्टी सांगत राहिलं. पण घरी आल्यावर तुम्ही प्यायला तांब्या उचललात तेव्हा त्याच्यावरचं फुलपात्र खडखड वाजत होतं. ते मी पाहिलं. तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगतो, कारण त्या खडखडण्याचाच मला आता आधार आहे.

आपलं भांडण मात्र राहिलंच. खालच्या आळीत कुजबुज उठली की वाटी वरच्यांना सैल, खालच्यांना घट्ट. दाजींचं रान वरच्या आळीत, म्हणून. मी तुमच्या मागं लागलो होतो: चावडीवर चला, चारचौघांत सांगा. तुम्ही बैलापुढं वैरण टाकत म्हणालात, "बोललो तर वाटी माझी व्हती. न्हाई बोललो तर वाटी वाटीच ऱ्हाती." मी म्हणालो, "आणि उद्या वाटीतच खोट निघाली, तरी गप्प बसाल? दुसऱ्याचं पाणी जाताना पाहत गप्प बसणं याला काय म्हणायचं?" इतकं मोठं मी तुमच्यापुढं कधी बोललो नव्हतो. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, बराच वेळ पाहिलंत. मग उरलेली पेंढी झटकून आत गेलात. पुढच्याच आठवड्यात ताप आला.

तुमचं सुतक फिटेपर्यंत वाटी पाण्यावर ठेवायची नाही असं ठरलं होतं. गावानं सावलीच्या अंदाजानं पाणी फिरवलं. कुणाची सावली लांब, कुणाची आखूड. चौथ्या दिवशी फावड्याच्या दांड्यानं वरच्या आळीतल्या एकाचं डोकं फुटलं. ठाण्याचा जमादार येऊन दोघांना घेऊन गेला. जाताना म्हणाला, "अबके फिर झगडा हुआ तो पाटच बंद." आता दोन्ही आळ्या आपापल्या शेतात उशाशी हत्यारं ठेवून झोपतात. आणि या सगळ्यांच्या मधोमध मी बसायचं. मी, ज्याला शाळेतल्या पोरांना दटावतानाही घाम फुटतो.

उद्या मला काय होईल, दाजी? कुणी कुऱ्हाड उचलली तर मी पळेन. मला माझी खात्री आहे.

*

वरचं लिहून ठेवलं होतं. त्यानंतर आज मी वाटीवर बसून आलो.

सकाळी अक्कानं तुमचं घंगाळ, वाटी आणि थाळी माझ्यापुढं आणून ठेवली. आणि ती चुलीकडं वळली. मी तुमच्यासारखी मांडी घातली, पाठ ताठ केली, वाटी पाण्यावर सोडली. दोन्ही आळ्यांची माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, पुस्तक इसरलात वाटतं." दुसरा म्हणाला, "त्यास्नी भोकाच्या जागी अक्षर दिसायलं असंल." हशा झाला. मी पाहत राहिलो. पहिल्या काही वाट्या वरच्या आळीच्या. त्या नीट गेल्या. मला वाटलं, जमतं आहे. गप्पच तर बसायचं आहे. गप्प बसण्यात मी काही कमी नाही.

मग गेनबाची पाळी आली.

वाटीच्या तळाशी, भोकापाशी, पाणी उकळी फुटल्यासारखं वर येत राहतं. तुमच्याजवळ बसून मी ते इतक्यांदा पाहिलं आहे की डोळे मिटले तरी दिसतं. गेनबाच्या वाटीत ते मंदावलं. मग थांबल्यासारखंच झालं. वाटी पाण्यावर हलकी, आरामात तरंगत राहिली. भोकात काहीतरी अडकलं होतं. आणि तिकडं गेनबाच्या गव्हात पाणी चाललं होतं, चाललंच होतं.

दाजी, घंगाळाजवळ माझ्याशिवाय कुणी नव्हतं. दुरून वाटी वाटीसारखीच दिसत होती. आणि नियमही माझ्याच बाजूचा: बसणाऱ्यानं बोलायचं नाही. बोललो नाही तर ज्याला मी सगळ्यांत जास्त भितो तो माणूस खूष. बोललो तर पहिल्याच दिवशी, त्याच माणसाची पाळी, माझ्याच तोंडानं बाद. गोठ्यातलं आपलं बोलणं आठवलं, तुमचं ते पाहणंही आठवलं.

"वाटी बाद," मी म्हणालो.

कुणाला ऐकूच गेलं नाही. सगळे आपापसांत बोलत होते. एवढी हिंमत गोळा केली आणि ती वाया. मला पुन्हा म्हणावं लागलं. या वेळी पाटकऱ्यानं ऐकलं आणि ओरडला, "मास्तर बोललं! वाटीवर बसून बोललं!"

गेनबा बांधावरून फावड्यासह आला. "काय म्हनलास?"

"भोक बुजलंय. पाणी जास्त चाललंय. तुमच्याकडं."

"माझ्याकडं जास्त चाललंय, तर तुझं कावून पोट दुखायलंय बे?"

वरच्या आळीचे हसले. गेनबा हसला नाही. त्यानं वाकून वाटी पाण्यातून उचलली, उपडी केली, आभाळाकडं धरून भोकातून पाहिलं. उजेड दिसेना. करंगळीच्या नखानं खरवडलं, तर हिरवट खरपुडी निघाली. तो ती बोटावर घेऊन पाहत राहिला. मी त्याच्या फावड्याकडं पाहत होतो.

मग तो म्हणाला, आणि ओरडून नाही, अगदी हळू म्हणाला, "मास्तर, दाजीच्या हयातीत हे कधी झालंच न्हाई व्हय? का झालं, आन् ते गप बसले?"

दाजी, मला कुऱ्हाडीची भीती होती. या प्रश्नाची तयारी नव्हती. जो माणूस तुमच्यासमोर एकदा बसून वाटी बुडताना पाहून गेला, तो विचारत होता. कुत्सितपणानं नाही, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्या एका वाक्यानं तुमची सगळी मुकी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांपुढं संशयात उभी राहिली होती. मी "विचारून सांगतो" म्हणालो. कुणाला विचारणार होतो कोण जाणे. पाटलांनी ती पाळी उद्यावर टाकली.

घरी येऊन मी वाटी अक्कापुढं ठेवली. घडलेलं सांगितलं. ती माझ्याकडं असं पाहायला लागली जसं मी चूल न पेटवता भाकरी मागितली.

"तू तशीच नेलीस वाटी? न घासता?"

"घासायची असते?"

"अरे देवा. ह्ये पाळीच्या दिवशी पहाटं उठून चिंच लावून घासायचे. मग बैलाच्या शेपटीचा केस भोकातनं ओढायचे, हिकडनं तिकडं. मग उजेडाला धरून बघायचे. एक दिस चुकला न्हाई. तुला काय वाटलं, नुस्तं बसायचं असतंय?"

"मला कधी सांगितलं नाही त्यांनी."

"मला तरी कुठं सांगितलं? मी बघितलं." मग तिचा आवाज फुटला. "मला वाटलं, आज तू करशील. ते पाट्या-वरवंट्यापाशी चिंच ठिवली हुती मी."

तेरा दिवसांत ती अशी रडली नव्हती. मी तिच्याजवळ बसलो. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, चिंच कालवली आणि वाटी घासायला घेतली.

तर हे असं होतं. मी तुमचं गप्प बसणं शिकलो आणि त्याच्या आधीचं काम शिकलो नाही. चौथऱ्यावर तुम्हाला बोलायची वेळ येत नव्हती, कारण बोलायचं जे काही असेल ते तुम्ही पहाटे, मी पांघरुणात असताना, हातांनी उरकलेलं असायचं. गावाला दिसायचं ते त्याचं शेवटचं टोक. आणि मला, तुमच्याशेजारी पुस्तक घेऊन बसणाऱ्याला, तेवढंच दिसलं.

तरीही, खरं सांगतो, कोपऱ्यात थोडा संशय शिल्लक आहे. एखाद्या दिवशी घासूनसुद्धा, केस ओढूनसुद्धा, मध्येच कण अडकला असेल. तेव्हा तुम्ही काय केलंत? माझ्याकडं इतका वेळ पाहिलंत तेव्हा तेच आठवत होतात का? ते तुमच्यापाशीच राहणार. मी त्याचा तुमच्या बाजूनं किंवा विरुद्ध निकाल लावणार नाही. तुमच्याकडून मिळालेल्या गोष्टींत हा प्रश्नही धरतो.

दुपारी मी गेनबाकडं गेलो. केसाचं सांगितलं, चिंचेचं सांगितलं. तो बाजेवर बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मंजे दाजी रोज करायचे, आन् कुनाला म्हनले न्हाईत." मी मान हलवली. तो म्हणाला, "आमी त्यास्नी काय काय म्हनलो." आणि मग बाजेवर थोडा सरकला. मी टेकलो.

तिथंच मी त्याला म्हणालो की उद्यापासून वाटी पाण्यावर सोडायच्या आधी दोन्ही आळ्यांच्या एकेकानं ती उजेडाला धरून पाहावी. पाहिल्यावर मग मी सोडीन, आणि मग बोलणार नाही. पण भोक बुजलेलं दिसलं तर नियम मोडून बोलेन. गेनबा म्हणाला, "बगू." पाटीलही तेच म्हणाले.

तुम्हाला हे आवडलं नसतं. तुमच्या वाटीला कुणाच्या साक्षीची गरज नव्हती. माझ्या वाटीला आहे. माझ्याजवळ तुमची वर्षं नाहीत, तुमच्यावर होता तसा लोकांचा विश्वास नाही, आणि दुसरा कुणी घुम्या या चौथऱ्यावर पुढं बसला तर त्याच्याजवळही नसेल. आपलं भांडण मी असं पुढं चालवतो आहे. तुम्ही उत्तर देऊ शकत नाही हे मला बरं वाटत नाही.

भीती गेली नाही. उद्या तीच पाळी, तोच गहू, तीच हत्यारं. फक्त आता मला माहीत आहे की वाटी सोडायच्या आधी मला एक वाक्य बोलायचं आहे, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "दोन्ही आळ्यांनी वाटी बघून घ्या." एवढं साधं वाक्य. ओट्यावर उभं राहून मी ते म्हणून पाहिलं. गोठ्यातल्या बैलानंही कान हलवला नाही. दुसऱ्यांदा म्हटलं तर आवाज मध्येच फाटला. अक्का आत वाटी घासत होती, तिचा हात थांबला नाही. मी घसा साफ केला, समोरच्या भिंतीकडं पाहिलं आणि तिसऱ्यांदा म्हणालो.

आतून अक्का म्हणाली, "हां. आता ऐकू आलं."